इंटरमिजिएट झाली, आता स्वतःच्या चित्राला विषय कुठून आणायचा?

कृष्णाकाठ_१०वी

नमस्कार. मी दहावीत आहे, गाव वाई. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा झाल्या. परीक्षेत स्मरणचित्राचे विषय छापूनच येतात, त्यातला एक निवडला की काम सुरू. आता शाळेच्या प्रदर्शनासाठी तीन चित्रं द्यायची आहेत. आकार क्वार्टर इम्पीरियल (११ × १५ इंच), माध्यम जलरंग किंवा पोस्टर कलर, विषयाचं बंधन नाही. बंधन नाही म्हटल्यावर काहीच सुचेनासं झालंय. नेटवर शोधलं की सगळीकडे तेच: सूर्यास्त, अर्धा चेहरा आणि अर्धं झाड, केसांतून उडणारी फुलपाखरं. नवीन चित्रासाठी प्रेरणा नेमकी कशी शोधायची? हाताशी अडीच महिने आहेत.

रेघ_दोन

विषय शोधायला बसू नकोस. आधी पंधरा दिवस नुसती रेखाटनं कर. ए-५ आकाराची साधी वही आणि एक काळं बॉलपेन पुरे. पेन्सिल मुद्दाम नको, कारण पेन्सिल आली की खोडरबर येतं आणि वीस मिनिटांतली बारा मिनिटं खोडण्यात जातात. रोज वीस मिनिटांत पाच रेखाटनं, म्हणजे एकाला चार मिनिटं. समोर जे असेल ते: चपला, गॅलरीतली दोरी, दप्तराचा बंद, झोपलेलं कुत्रं. चांगलं आलं की वाईट हे बघायचं नाही. पान फाडायचं नाही, हा मात्र कडक नियम.

सोळाव्या दिवशी पंचाहत्तर रेखाटनांचे फोटो काढून एकत्र बघ आणि परत परत काय आलंय ते मोज. कुणाच्या वहीत हात जास्त निघतात, कुणाच्या वहीत कोपरे, कुणाच्या वहीत गोल भांडी. जे आपसूक परत येतं तिथे तुझी नजर आधीच लागलेली असते. विषय तिथून निघतो.

मधलीसुट्टी

दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, उजवीकडे कौलारू घर आणि इंग्रजी एमसारखे चार पक्षी. हा विषय अख्ख्या महाराष्ट्राने पहिलीपासून काढलाय. पण धागाकर्त्याच्या गावात खरोखरच डोंगर आणि नदी आहे, त्यामुळे पंचाईत मोठी आहे :)

जलरंग_हाफशीट

@मधलीसुट्टी, पंचाईत आहे खरी, पण डोंगर-नदीमुळे नाही. वाईचा घाट आणि ढोल्या गणपतीचं देऊळ इतक्या जणांनी एकाच जागेवरून रंगवलंय की तिथे बसल्यावर डोळ्यांआधी हात चालायला लागतो. त्यावर उपाय आहे, चौकट कापून घेणे.

जुन्या वहीचा पुठ्ठा घे. त्यात ५.५ × ७.५ सेंटिमीटरची खिडकी काप. क्वार्टर इम्पीरियल ११ × १५ इंच असतो, त्यामुळे प्रमाण बरोबर जुळतं. एक डोळा मिटून खिडकीतून बघ. हात लांब केलास तर थोडाच भाग दिसतो, जवळ आणलास तर जास्त. अख्खं देऊळ चौकटीत बसवायच्या फंदात पडू नकोस. दीपमाळेचा खालचा अर्धा भाग आणि तिची जमिनीवर पडलेली सावली, किंवा दोन पायऱ्या आणि पाण्याची कड, एवढंच घे. मग त्याच आकाराची सहा छोटी चित्रं वहीत कर. फक्त तीन छटा वापरायच्या: कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. एकाला पाच मिनिटं. सहातल्या चारांमध्ये गडद आणि उजेड अर्धेअर्धे वाटले जातील आणि ती मिळमिळीत दिसतील. एकाचं वजन स्पष्ट जास्त असलेलं चित्र निवड.

मेणवली तीनेक किलोमीटरवर आहे. तिथल्या घाटावर वसईच्या मोहिमेतून आणलेली मोठी घंटा आहे. सकाळी नऊच्या आत जा, नंतर सावल्या आखूड होतात आणि दगडाचे पैलू दिसेनासे होतात.

तिरपी_सावली

जलरंगशी थोडी असहमत. जागा बदलून विषय मिळत नाही, उजेड बदलून मिळतो. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं निरांजन घेतलेल्या स्त्रीचं चित्र सगळ्यांनी छापील रूपात तरी पाहिलेलं असतं. मूळ जलरंगातलं आहे, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये. विषय म्हणाल तर काय? एक बाई, एक दिवा. पण दिव्याच्या ज्योतीपुढे हात आहे. त्यामुळे बोटांच्या कडा आतून लालसर उजळल्यात, प्रकाश खालून चेहऱ्यावर येतो आणि मागे भिंतीवर सावली मोठी होते. चित्र त्या उजेडाचं आहे.

घरी करून बघ. खोलीतले सगळे दिवे बंद, मोबाइलचा टॉर्च एकच, आणि वस्तू एकच. तांब्याचा बंब असेल तर उत्तम, नसेल तर पितळी तांब्या. टॉर्च आधी डावीकडून वस्तूच्या उंचीवर, मग बरोबर मागून, मग जमिनीवरून वर. तीन रेखाटनं. मागून उजेड आला की वस्तू जवळजवळ काळी होते आणि फक्त कड पेटते. रोज पाहिलेला बंब अनोळखी वाटतो.

धातू रंगवताना एक चूक हमखास होते. मातीच्या मडक्यासारखी उजेडाकडून अंधाराकडे हळूहळू छटा उतरवली जाते, आणि मग तांबं मातीसारखंच दिसतं. धातूवर गडद पट्टा आणि चकाकी एकमेकांना खेटून असतात, मधे पायरीच नसते. बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकरचा (मातकट पिवळा) पातळ वॉश, म्हणजे पाणीदार थर दे, चकाकीची जागा कोरी सोड. पूर्ण वाळल्यावर बर्न्ट सायनात थोडं अल्ट्रामरीन (गडद निळा) घालून धारदार कडेचे गडद पट्टे टाक. कड पाण्याने पुसायची नाही.

बोरिवली_स्लो

फोटोवरून केलं तर चालेल का? दहावीचं वर्ष आहे, रोज घाटावर बसायला वेळ कुठून येणार.

जलरंग_हाफशीट

फोटो शक्यतो नको. फोटोत सावल्या काळ्याकुट्ट येतात, डोळ्याला त्याच सावलीत निळा, जांभळा, हिरवट असे चार रंग दिसत असतात.

जुनापाट

'नको' म्हणून टाळण्यापेक्षा नीट कसा काढायचा ते सांगू या. फोन जवळ नेऊन काढलात की पुढची वस्तू फुगते आणि भिंती आत झुकतात. चार-पाच पावलं मागे जा, दुप्पट झूम करा, फोन डोळ्यांच्या उंचीवर सरळ धरा. एक फोटो उजेडाच्या भागावर बोट टेकवून, दुसरा सावलीवर बोट टेकवून. दुसऱ्यात सावलीतले रंग दिसतात. शिवाय जागेवरच दहा मिनिटांचं रेखाटन करून त्यावर बाणाने रंगांची नावं लिहा: 'भिंत, पिवळट, खाली हिरवी ओल'. घरी फोटो आकारासाठी वापरायचा, रंगासाठी हे लिहिलेलं.

नेटवरचा दुसऱ्याचा फोटो मात्र प्रदर्शनाच्या चित्राला घेऊ नये. हक्काचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठी अडचण अशी की चौकट, उजेड, क्षण हे सगळं फोटो काढणाऱ्याने आधीच निवडलेलं असतं. तुमच्या वाट्याला फक्त रंग भरणं उरतं.

ठसेवाली

वेगळी वाट सुचवते. पातळ कागद (बटर पेपर नको, साधा झेरॉक्सचा चालतो) एखाद्या खडबडीत पृष्ठभागावर ठेवायचा आणि मेणाचा खडू आडवा धरून घासायचा. जात्याची टाकी, लाकडी दाराच्या शिरा, बसच्या पायरीचा पत्रा, गटाराचं झाकण, वाड्याच्या फरशा. खडूवरचा कागद सोलून टाका आणि तो कुशीवर वापरा, टोकाने घासलं तर कागद फाटतो. चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी जमिनीच्या शिरांवरून असेच ठसे घ्यायला सुरुवात केली आणि त्यांतून जंगलं, पक्षी, प्राणी शोधले.

वीस ठसे झाले की ते उलटसुलट करून बघा. जात्याची टाकी आडवी धरली तर नांगरलेलं शेत दिसतं. ठसे कापून चिकटवायचे, किंवा मेण लागलेल्या कागदावर पातळ जलरंगाचा वॉश द्यायचा. मेण पाणी झिडकारतं, त्यामुळे ठसा तसाच राहतो आणि मधल्या फटींत रंग बसतो. झेरॉक्सचा कागद ओला होऊन गोळा होतो, म्हणून वॉश द्यायचा असेल तर ठसा कार्ट्रिजवर (चित्रकलेच्या जाड कागदावर) घ्या आणि खडू जोरात दाबा.

कृष्णाकाठ_१०वी

सगळ्यांचे आभार. वही आजपासून सुरू केली. एक शंका: वारली शैलीत केलं तर? सोपी वाटते आणि छान दिसते.

गेरूकाव

सोपी वाटते तिथेच घोळ आहे. त्रिकोण, वर्तुळ, रेषा एवढंच दिसतं, पण दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस वाकतो कसा, हे ते टोक किती सरकवलं यावर ठरतं. लग्नाच्या घरात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणली, स्वतःची भर घातली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत मासेमारीचं जाळं बघ. शेकडो बारीक रेषा आहेत आणि एकही रेष उगाच नाही.

शिकायला नक्कल जरूर कर आणि खाली 'कुणाच्या चित्रावरून' ते लिही. प्रदर्शनासाठी मात्र वारलीची माणसं उचलून वाईच्या घाटावर बसवू नकोस. घ्यायचंच तर तिथली शिस्त घे: दोन रंग, एकच जाडीची रेष, आणि क्षितिजरेषा नाही.

रेघ_दोन

@गेरूकाव, इतकं कडक कशाला? मुलं शैली उसनी घेतच शिकतात. मोठे चित्रकारही घेतात.

गेरूकाव

घेऊ देत की. फक्त कुठून घेतलं ते माहीत असू दे, एवढंच म्हणणं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या चित्रकथीचंही तसंच आहे. ती चित्रं भिंतीवर लावायला नव्हतीच, एकेक पान समोर धरून गोष्ट गायची. म्हणून डोळे मोठे, माणसं बाजूने, आणि एका पानात एकच घटना. हे कारण कळलं की त्यातून स्वतःचं काही करता येतं.

आणि मातीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, रंग स्वतः केले तरी चित्र सुचतं. अजिंठ्याच्या चित्रांत बहुतेक रंग माती-दगडाचे आहेत: लाल आणि पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढऱ्यासाठी चुना आणि पांढरी माती. निळा तेवढा लाजवर्दी या निळ्या दगडाचा, बाहेरून आणलेला. गिलावाही मातीचाच, त्यात भाताचा तूस आणि तंतू, वर पातळ सफेदी, आणि ती वाळल्यावर रंग.

तुझ्यासाठी कृती: बाभळीचा डिंक एक भाग, कोमट पाणी दोन भाग, रात्रभर भिजत ठेव, सकाळी सुती कापडातून गाळ. त्यात चार-पाच थेंब मध (रंग वाळल्यावर तडकू नये म्हणून) आणि दोन थेंब लवंगेचं तेल (बुरशी धरू नये म्हणून). गेरू कुटून दोनदा वस्त्रगाळ कर. गेरू आणि डिंकपाणी साधारण समसमान घेऊन काचेवर दहा मिनिटं घोट. वाळलेल्या पट्टीवर बोट फिरवून बघ: बोटाला रंग लागला तर डिंक कमी, पट्टी चमकली किंवा तडकली तर जास्त. काजळी पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगते. तिला आधी सॅनिटायझरच्या एका थेंबात भिजव.

मधलीसुट्टी

आणि हळद? वाईत हळदीला काय तोटा!

गेरूकाव

हळदीचा रंग उन्हात उडतो. वहीत बंद असेल तर टिकतो, खिडकीसमोर टांगलेल्या चित्रात फिका पडत जातो. पिवळ्यासाठी पिवळी मातीच घ्यावी. पण विषय म्हणून हळद फार चांगली आहे. काढणी, शिजवताना उठणारी वाफ, वाळत घातलेली हळकुंडं. वाफ दाखवायला पांढरा रंग वापरायचा नाही. कागद ओला असताना मागचा गडद वॉश दे आणि पिळलेल्या कुंचल्याने वाफेची जागा उचलून घे.

जुनापाट

एका विषयावर टिकून राहण्याबद्दल कुणी बोललं नाही. तीन चित्रांना तीन विषय कशाला हवेत? जपानी चित्रकार होकुसाईने फुजी पर्वताची 'छत्तीस दृश्यं' केली, प्रत्यक्षात ती ४६ झाली. त्यातल्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रात फुजी केवढा आहे बघा, लाटेखाली बोटाच्या पेराएवढा. विषय पर्वत, जागा सगळी लाटेला. तुमच्याकडे पांडवगड, वैराटगड हे किल्ले आहेत. एकदा कपड्यांच्या दोरीमागे, एकदा एसटीच्या खिडकीतून, एकदा दुकानाच्या काचेत उलटा. फ्रेंच चित्रकार मोने गवताच्या गंजी रंगवताना (१८९०-९१) एका वेळी अनेक कॅनव्हास घेऊन बसायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. तुम्ही तीन कागद घ्या, चाळीस मिनिटांनी कागद बदला. चित्रकार आबालाल रहिमानांनी कोल्हापुरातच रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ परत परत रंगवला.

सुट्टीच्या दिवशी औंधचं भवानी संग्रहालय बघून या, तुमच्याच जिल्ह्यात आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत. तिथे एकाच चित्रासमोर अर्धा तास बसून त्याच्या तीन छटांचं छोटं रेखाटन करायचं. सगळी दालनं धावत बघण्यापेक्षा त्यातून जास्त मिळतं. पुण्याला जाणं झालं तर केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते. एका अडकित्त्यात पक्षी, घोडा, माणूस कसा बसवलाय हे बघितलं की संकल्पचित्राला वेगळी दिशा मिळते.

तिरपी_सावली

जुनापाट यांच्याशी पूर्ण सहमत. अजून एक: निसर्गचित्र, स्थिरचित्र वगैरे खात्यांत विचार करू नये. आणि 'झाडे लावा', 'पाणी वाचवा' ही घोषणा आधी ठरवून चित्र करू नये. घोषणा आधी आली की तडा गेलेली जमीन आणि हातातलं रोपटं येणारच. पाण्याबद्दल खरंच वाटत असेल तर कळशांची रांग दोन तास बघून काढावी.

कृष्णाकाठ_१०वी

पंधरा दिवस झाले. एकूण बहात्तर रेखाटनं, तीन कमी. मोजलं तर सर्वांत जास्त वेळा घाटाच्या पायऱ्या आणि त्यांवर वाळत घातलेले कपडे आलेत, एकूण एकोणीस वेळा. साड्या पायऱ्यांवरून वळत खाली येतात तो आकार मला आवडतोय. तीनही चित्रं याच विषयाची करू का? पण पायऱ्या चुकतात, सगळ्या भिंतीसारख्या उभ्या दिसतात. आणि दगड एकसारखा करडा होतो.

रेघ_दोन

एकोणीस! मिळाला की विषय. नक्की कर.

जलरंग_हाफशीट

पायऱ्यांचं गणित डोळ्यांच्या पातळीवर आहे. बसल्या जागी डोळ्यांसमोर आडवी रेष धर. तिच्या खालच्या पायऱ्यांचा पाय ठेवायचा सपाट भाग दिसतो, आणि जितकी पायरी खाली तितका तो रुंद. रेषेच्या वरच्या पायऱ्यांचा सपाट भाग दिसतच नाही, फक्त उभे पट्टे दिसतात. तू बहुधा पाण्याजवळ बसून वर बघत काढतोयस, म्हणून भिंत होते. एक चित्र खालच्या पायरीवर उभं राहून, डोळ्यांच्या पातळीखालच्या पायऱ्या बघत कर, तिथे साडीचं वळण पण नीट दिसेल: सपाट भागावर साडी उजळ, उभ्या भागावर गडद. ही अदलाबदल दाखवली की पायरी वेगळी काढावी लागत नाही, साडीच पायरी सांगते.

दगडासाठी काळा रंग डबीत ठेवूनच दे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिसळ. निळा जास्त झाला तर थंड करडा, तो सावलीला. तांबूस जास्त झाला तर उबदार, तो उन्हातल्या दगडाला. पॅलेटवर पूर्ण ढवळू नकोस, कागदावरच अर्धवट मिसळू दे. दोन वॉश पुरे, तिसरा दिलास की रंग मळतो.

तिरपी_सावली

दुसरं चित्र फक्त दोन साड्यांमधल्या मोकळ्या दगडाच्या आकारांचं कर. साडी रंगवायचीच नाही, कागद कोरा. आजूबाजूचे दगड रंगवत गेलास की साडी आपोआप उमटते. पातळ पेन्सिलीने कड आखून घे आणि ओला कुंचला कडेपासून आत, दगडाच्या बाजूला ओढ.

ठसेवाली

तिसऱ्याला घाटाच्या दगडाचा ठसा! कार्ट्रिजवर पांढऱ्या मेणाने घासायचा, वर गडद वॉश. पांढरा खडू कागदावर दिसत नाही, तेव्हा कागद तिरपा धरून चकाकी बघत घासायचा.

कृष्णाकाठ_१०वी

कागद फुगतो त्याचं काय करू? माझ्याकडे २०० जीएसएमचा आहे.

जुनापाट

ताणून घे. कागद पाच मिनिटं पाण्यात बुडव, उभा धरून पाणी निथळू दे, १२ मिलिमीटरच्या प्लायवर सपाट पसर आणि चारही कडांना ५ सेंटिमीटर रुंदीची, पाणी लावून चिकटणारी कागदी गमटेप लाव. निम्मी कागदावर, निम्मी प्लायवर. सेलोटेप आणि मास्किंग टेप ओल्या कागदावर धरत नाहीत. प्लाय रात्रभर आडवा ठेव. उभा ठेवलास तर पाणी खाली उतरतं, वरची कड आधी वाळते आणि खालची टेप सुटते. सकाळी कागद ढोलकीसारखा ताठ असेल. चित्र पूर्ण वाळल्याशिवाय कापून काढायचं नाही. टेपखाली कडा जातात, म्हणून कागद १३ × १७ इंचांचा घे, म्हणजे आत हवा तेवढा मिळेल. ठसा घ्यायचा कागद मात्र आधी ताणू नकोस, तो घाटावर न्यायचाय.

कृष्णाकाठ_१०वी

प्लाय मिळाला. रविवारी सकाळी सातला घाटावर जातो. तीनही चित्रांची तीन छटांची छोटी रेखाटनं इथेच टाकतो, त्यातली कुठली घ्यायची ते सांगा.

मधलीसुट्टी

टाक लवकर. आणि पक्षी काढायचेच असतील तर घाटावरचे बगळे काढ, चार एम नकोत!